गाळ्याआधीची टपरी

तुमच्या गावात नवे गाळे नेमके त्याच कोपऱ्यावर का उठले, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का? कापड फाडून घेताना, नाहीतर चपलेचं माप देताना, त्या दुकानाच्या फरशीखाली आधी काय होतं याची चौकशी केली आहे का? नसेल केली. आपण धरून चालतो की रस्ता होता, जागा मोकळी होती, मालकाजवळ पैसा होता, म्हणून भिंती उभ्या राहिल्या. तुळशीरामअप्पांना जवळून पाहिलं नसतं तर मीही तसंच धरून चाललो असतो.

आमची हिंगोली तालुक्याचं गाव. आमच्याकडे दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग असायचा. मागे चूल, पुढे तागडी. ज्याला धंदा करायचा तो आपल्या ओट्यावर बसायचा. स्वतःला धंदा करायचा नाही, तरी दुकानं बांधायची, मग दुकानदार शोधायचे आणि पगडी घेऊन ती त्यांच्या हवाली करायची, ही रीत आमच्या गावात अप्पांनी आणली. लोक त्यांना गाळेवाले अप्पा म्हणत. अप्पा अंगाने वाळकुडे होते. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि काखेत छत्री. छत्री बाराही महिने. उन्हाळ्यात डोक्यावर, पावसाळ्यात डोक्यावर, आणि थंडीत जमिनीवर रेघा ओढायला. कोटाच्या खिशात फुटाणे असायचे. मूठ कधी भरायचे नाहीत. एक काढायचे, तोंडात टाकायचे, तो संपला की दुसरा. दुसऱ्यासमोर खिसा पुढे केल्याचं मी कधी पाहिलं नाही.

जागा पारखायची असली की अप्पा तिथे जाऊन दगडावर बसायचे. सकाळी बसायचे, जेवायला उठायचे, पुन्हा येऊन बसायचे. असं महिना महिना. येणारेजाणारे म्हणायचे, म्हाताऱ्याला घरात सुना बसू देत नसतील. एकदा मी बाजूला उभा राहून तेही जिकडे पाहतात तिकडे पाहू लागलो. रस्त्यावरून माणसं चालली होती, एवढंच मला दिसलं.

"पायाकडं काहून पाहून राहिला?" अप्पा मला म्हणाले. "पाय काय, कुनाचेबी चालतात. हात पाहा. हातात पिशवी हाय का पाहा. येताना रिकामी, जाताना भरलेली, म्हंजे त्याचा बाजार दुसरीकडं झाला. आपल्या कामाचा न्हाई. येताना भरलेली, जाताना रिकामी, तर तो इकाया आला. तोबी न्हाई. पन रिकामी पिशवी घेऊन आला, इथं घडीभर थांबला, अन् रिकामीच घेऊन गेला, तो आपला. तसे दिसाय लागले का समजायचं, जागेला भूक लागली."

'जागेला भूक लागली' हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. जागेला भूक लागायची, जागा रुसायची, जागा बोलायची. अप्पा फक्त ऐकायचे. "मी काय करतो? काहीच न्हाई. जागा म्हनते, मी ऐकतो." मला हे ऐकून चीड यायची. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, आणि घरात रद्दी म्हणून यायची ती पत्रकंच. मी अक्षरं त्यांच्यावर शिकलो. जमीन बोलते, बाजार ठरवतो, भाव चढतात, अशी वाक्यं दिसली की त्यातला कर्ता शोधायचा, हे मला त्या कागदांनी शिकवलं होतं. जागा बोलत नसते. तिच्या नावावर कोणीतरी बोलत असतं.

अप्पांची अक्कल मात्र खरी होती, ते लपवून उपयोग नाही. गावातल्या एका आडत्याने त्यांना रेल्वे स्टेशनासमोर गाळे बांधायला सुचवलं. स्टेशनासमोर नाही बांधायचं तर बांधायचं कुठे? सगळ्यांना ते पटलं होतं. अप्पा दोन दिवस तिथे बसले आणि छत्री झटकून उठले.

"गाडी यायच्या आंदी मानूस सिग्नल पाहतो. गाडी आल्यावर पोरं मोजतो. दुकान कवा पाहनार?"

त्यांनी गाळे बांधले ते स्टेशनहून गावात येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर. तिथे सावली नव्हती, पाणी नव्हतं. पण तिथवर चालत आलं की डोक्यावरचं गाठोडं खाली येतं, या हातातली वळकटी त्या हातात जाते. "ओझं बदलताना मानूस मान वर करतो," अप्पा म्हणाले. ते गाळे पहिल्याच दिवाळीला भरले. आडत्याने स्वतःच्या पैशाने स्टेशनासमोर बांधलेल्या खोल्यांत पुढे कडबा भरला.

त्यानंतर गयाबाई आली.

गयाबाई शिरड शहापूरकडची. बौद्ध. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि काम संपल्यावर नवऱ्याबरोबर गावातच राहिली. नवरा जिनिंगवर हमाली करायचा. ती कुणाकुणाच्या बांधकामावर पाट्या वाहायची. अप्पांच्याही वाहिल्या. एक दिवस अप्पांनी तिला हाक मारली. आमच्या युवक मंडळाचे गुरुजी आणि मी तिथून चाललो होतो, म्हणून पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"गया, पाट्या किती दिवस वाहनार? नरसीच्या रस्त्याला फाट्यावर च्याची टपरी टाक. पत्रे माझे, बांबू माझे, किटली माझी. भाडं देऊ नको."

गयाबाईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"अप्पा, थट्टा करता का गरिबाची? माझ्या हातचा च्या पिईल कोन?"

"तेच तं पाहायचं हाय," अप्पा म्हणाले.

गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "ऐकलंस? आपण नुसती भाषणं देतो. ह्या अडाणी माणसाची हिंमत बघ."

तेव्हाचं आमचं गाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बसस्टँडजवळच्या हॉटेलात बौद्धांसाठी वेगळ्या कपबश्या असायच्या. बाहेरच्या भिंतीला एक कोनाडा, त्यात त्या पालथ्या घातलेल्या. ज्याने प्यायचं त्याने काढायची, प्यायची, धुवायची, पुन्हा पालथी घालायची. हे कोणी तोंडाने सांगतही नसे. कायदा होता, आणि कोनाडाही होता. त्या गावात एका बौद्ध बाईला चहाची टपरी टाकून देणारा माणूस गुरुजींना देवमाणूस वाटला यात नवल नाही.

मला वाटला नाही. ज्याच्या खिशातून दुसऱ्याला फुटाणा निघत नाही, तो किटली का देतो?

नरसीच्या फाट्यावर तेव्हा बाभळी होत्या आणि खडीचा ढीग. गयाबाईने चूल मांडली. समोरच्या दगडावर छत्री उघडून अप्पा बसले. मी कॉलेजातून येताना मुद्दाम तिकडून यायचो. सुरुवातीला थांबायचे ते परगावचे. नरसीला दर्शनाला निघालेले, वाहन चुकलेले. त्यांना गयाबाई कोण हे माहीत नव्हतं. ते प्यायचे, जायचे. अप्पा त्यांच्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत. फुटाणा चघळत बसायचे. मग असे लोक येऊ लागले ज्यांना माहीत होतं. ते आपला पेला घेऊन यायचे आणि लांबून पुढे करायचे. गयाबाई वरून धार धरायची. "घ्या, नळ सुरू केला," म्हणायची. अप्पा आता ताठ बसायला लागले. पुढे पावसात पेला घरी विसरलेला एक म्हातारा आला. भिजलेला होता. गयाबाईने कप पुढे केला. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि घेतला. त्याच्यामागून तसे बरेच आले.

त्यानंतर काही दिवसांतच फाट्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. पाया खणायला गवंडी आले. गयाबाईला अप्पा म्हणाले, "थोडे दिवस तिकडं औंढ्याच्या रस्त्याला बस. इथं धूळ उडंल. गाळे झाले का पाहू." गाळे झाले. किराणा आला, सायकलवाला आला, चांगलं बाकडं टाकून एक हॉटेलही आलं. त्या हॉटेलाच्या भिंतीत कोनाडा होता. गयाबाई औंढ्याच्या रस्त्यालाच राहिली, आणि समोर दगडावर छत्री.

एक गोष्ट मला खटकत होती. अप्पा तिच्या टपरीसमोर दिवसच्या दिवस बसायचे, पण तिचा चहा पिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. एकदा विचारलं.

"मला चालत न्हाई," ते म्हणाले. "पित्त होतं."

त्याच आठवड्यात बसस्टँडच्या हॉटेलात ते बशीत चहा ओतून फुर्र फुर्र पीत बसले होते. मला पाहून त्यांनी दुसरी बशी ओतली. पित्ताचं नाव नाही, संकोचाचंही नाही. मी हे गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "माणूस हळूहळू बदलतो. तू संशयी झाला आहेस." झालो होतो खरा.

औंढ्याच्या रस्त्याची जागा अवघड होती. त्या बाजूने येणारी माणसं गयाबाईच्या मुलखातली, तिला नावानिशी ओळखणारी. तिथे अप्पा मागच्यापेक्षा जास्त दिवस बसले. आणि एका बाजाराच्या दिवशी मारोतराव आले. मारोतराव गयाबाईच्याच गावचे, बऱ्यापैकी जमीनवाले. तिच्या आईने त्यांच्या शेतात जन्मभर निंदणी केली होती. त्यांच्या घरच्या रांजणाला गयाबाईच्या घरातल्या कोणाचा हात लागला नव्हता. त्यांनी गाडी सोडली, बैलांपुढे वैरण टाकली, आणि बाकड्यावर बसले.

"काय गया, च्या करतीस म्हनं तू?"

"करते की."

"दे मंग."

"पेला आनला का?"

मारोतराव बैलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दे ना माय तुझ्याच कपात. तोंड काय पाहतीस? उनानं जीव चालला."

ते प्यायले. दुसरा मागितला. मी गयाबाईकडे पाहत होतो, आणि गयाबाई माझ्या मागे कुठेतरी पाहत होती. मी वळलो. अप्पा दगडावरून उठले होते. छत्री मिटून, लांब लांब ढांगा टाकत, ते रस्त्याच्या कडेने जमीन मोजत निघाले होते.

ही बातमी गुरुजींना कळली तेव्हा त्यांनी अप्पांचा सत्कार करायचं ठरवलं. शाल, श्रीफळ आणि पत्रक. 'समतेची टपरी उभारणारा माणूस' असा मथळा त्यांनी स्वतः सांगितला. वडिलांनी खिळे जुळवायला घेतले. निमंत्रण द्यायला गुरुजी मला घेऊन औंढ्याच्या रस्त्याला गेले. तिथे फक्की पडलेली होती आणि पाया निम्मा खणून झाला होता. विटांच्या थप्पीवर अप्पा एका कापडदुकानदाराबरोबर बसले होते. आमच्याकडे दोघांची पाठ होती.

"पगडी लई सांगता अप्पा," दुकानदार म्हणत होता. "गावाबाहेरची जागा. इथं लुगडं घ्याया कोन येनार?"

"हे पाहा," अप्पांनी छत्रीचं टोक गयाबाईच्या टपरीकडे केलं. "ती कोन हाय, म्हाईत हाय ना? गावात तिच्या हातचं पानी घेत न्हाईत. इथं तिच्या गावचा मालदार दोन कप पिऊन गेला. जात आडवी आली न्हाई, म्हंजे काय आडवं येनार? मी चांगल्या घरचा च्यावाला बसवला असता तं काय कळलं असतं? च्या चांगला म्हनून थांबले, का वळखीचा म्हनून थांबले, काय सांगावं! तिच्यापाशी जो थांबतो तो निस्त्या जागेपायी थांबतो. तिथं गया खपली. तुझं लुगडं न्हाई खपायचं?"

दुकानदार हसला. "वाहवा! बराबर हाय," म्हणाला.

गुरुजींच्या मुठीत निमंत्रणाची घडी चुरगळली. ते पुढे झाले.

"अप्पा, एका बाईला तुम्ही माप म्हणून वापरलंत?"

अप्पा वळले. दचकले नाहीत. मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात जास्त विसरता येत नाही, की ते दचकले नाहीत.

"या गुरुजी, बसा. माप म्हना, काहीबी म्हना. तुमी इतके वर्सं भाषन करून राहिले. कुनी पिला का तिच्या हातचा च्या? माझ्या जागेनं पाजला. आता कुनाचं खरं, तुमीच सांगा."

मला उत्तर सुचलं ते प्रश्नाच्याच रूपात.

"तुम्ही प्यायलात का अप्पा?"

"मला पित्त होतं," अप्पा म्हणाले, आणि खिशातून एक फुटाणा काढला.

सत्कार झाला नाही. वडिलांनी जुळवलेला मथळा सोडला आणि खिळे एकेक करून खणात परत टाकले.

गयाबाईला हे सांगायचं की नाही, यावर मंडळात दोन दिवस वाद झाला. शेवटी मीच गेलो, रागारागाने, जणू मी तिला जागं करायला चाललो होतो. तिने ऐकून घेतलं, कप विसळले, आणि हसली.

"दादा, तुमाला आज कळलं व्हय? अप्पा लोकाच्या हाताकडं पाहत बसायचा, मी अप्पाकडं पाहत बसायचे. मला नरसीच्या फाट्यालाच कळलं."

"मग इथे का आलात त्याच्या सांगण्यावरून?"

"पत्रे कुनाचे होते? त्याचे. किटली त्याची. न्हाई म्हनले असते तं काढून दुसऱ्या बाईला दिली असती. पाट्या वाहायला पुन्ना मीच."

"आणि आता?"

"आता पाहा की काय होतं ते."

चार दिवसांनी पाहिलं. अप्पांचा माणूस बैलगाडी घेऊन टपरी उचलायला आला. अकोल्याच्या रस्त्याला नवीन जागा बघितली होती. गयाबाईने तिथे चूल मांडायची, थोडे दिवस. गयाबाईने त्याला टपरीच्या मागे नेलं. तिथे जुने पत्रे एकावर एक रचलेले होते. बांबू सुतळीने बांधलेले. वर राखेने घासून लखलखीत केलेली किटली.

"हे समदं अप्पाचं. मोजून घे. कमी भरलं तं सांग." मग तिने डोक्यावरच्या पत्र्याला बोट लावलं. "हे माझं."

एकेक करत तिने सगळं बदललं होतं. आधी किटली, मग बांबू, मग पत्रे. समोर दगडावर बसून लोकांचे हात बघणाऱ्या माणसाला तिचे हात दिसले नव्हते. गाडीवाल्याला काय करावं कळेना. त्याने अप्पांना बोलावून आणलं. अप्पांनी पत्र्यांच्या थप्पीकडे पाहिलं, टपरीकडे पाहिलं, मग रस्त्याच्या कडेकडे. टपरी त्यांच्या जमिनीत नव्हती; रस्त्यालगतच्या सरकारी पट्टीत, त्यांच्या कोपऱ्याच्या गाळ्यासमोर होती. तिथे त्यांनीच तिला बसवलं होतं, म्हणजे स्वतःची जमीन अडकायला नको.

"गया, हुशार झालीस," ते म्हणाले.

"तुमच्यापाशीच शिकले अप्पा. च्या घेता का?"

"नको."

"पित्त!" गयाबाई गाडीवाल्याला म्हणाली, आणि गाडीवाला हसू दाबायला बैलांकडे वळला.

गाळे तिच्या पाठीमागे उभे राहिले. कोपऱ्याच्या गाळ्याला पगडी देणारा मिळेना, कारण त्याच्या तोंडासमोर टपरी होती. तेव्हा अप्पांनी कचेरीत अर्ज केला: भिंती पूर्ण झाल्यावर ही बाई धंदा पाहून येऊन बसली, तिला उठवावं. कचेरीचा नियम साधा आहे. बांधकामाआधीची टपरी असेल तर ती हलवता येत नाही. मागून आलेली असेल तर राहू देता येत नाही. आधीची आहे हे तिने साक्षीदार आणून दाखवावं. गयाबाईच्या घरात दुसरी चूल नाही आणि दुसरी मिळकत नाही. हा कोपरा गेला की पुन्हा पाटी.

साक्षीदार? अर्धा तालुका तिथे चहा पिऊन गेला होता. तिला वाटलं, अडचण काय आहे!

गुरुजी पहिले गेले. कारकुनाने विचारलं, "तुम्ही तिथे चहा प्यायलात?" गुरुजी खोटं बोलणारे नव्हते. "मी चहा पीत नाही," ते म्हणाले. "मग थांबला होतात कशासाठी?" त्यांची साक्ष धरली नाही, गुरुजी घरी परतले. मी गेलो. माझं नाव लिहून घेतलं आणि पुढे लिहिलं, मंडळाचा कार्यकर्ता. तिच्या वस्तीतले लोक गेले. ते नात्यातले ठरले. राहिले ते बाजाराला येणारे, वाहनाची वाट पाहणारे, गाडी सोडून बसणारे. म्हणजे ज्यांच्यामुळे अप्पांनी पाया खणला, ते.

मारोतराव दर बाजाराला येतच होते. कप हातात असताना गयाबाईने त्यांना विचारलं.

"मारोतराव, कचेरीत येऊन सांगता का?"

"काय सांगायचं?"

"का भिंतीच्या आंदी तुमी इथं च्या पिले म्हनून."

मारोतरावांनी कप खाली ठेवला. "तुझ्यावर काय राग हाय का माझा गया? पिलो. पुढंबी पिईन. पन कचेरीत नाव, गाव, समदं लागतं. पोरीचं लगीन हाय औंदा. प्यायची गोष्ट येगळी, सांगायची येगळी."

"मंग उद्यापासून सांगूनच पेत जा," गयाबाई म्हणाली.

पुढच्या बाजाराला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या बाजाराला आले, बसले, काही न बोलता प्यायले. तिने दिला.

अप्पांना हे सगळं आधीच माहीत होतं, असा माझा संशय आहे. लोक तिच्या हातचा पितील, पण प्यायलो असं सांगणार नाहीत, हे त्या माणसाने धरूनच अर्ज केला असणार. इतकी वर्षं लोकांचे हात पाहिल्यावर तोंडांचाही अंदाज येत असेल. गावाचं माप त्यांनी बरोबर काढलं होतं.

चूक झाली ती दुसरीकडे. अकोल्याच्या रस्त्याला गयाबाई गेली नाही, म्हणून त्यांनी पुतण्याला टपरी टाकून दिली. पहिल्या दिवसापासून गर्दी. बाकडं पुरेना. अप्पांनी लगेच बांधायला काढलं. गाळे पूर्ण झाले, पुतण्याने टपरी बंद केली, आणि गर्दी नाहीशी झाली. तो पुतण्याचा गोतावळा होता. मेहुणे, व्याही, व्याह्यांचे सोयरे. चहा प्यायला यायचे, उधारीवर, आणि बोलायला. जागेसाठी एकही थांबत नव्हता. गाळ्यांना कुलपं राहिली.

मी अप्पांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. उन्हाळ्याची सकाळ होती. मी कनेरगाव नाक्याकडे जायला वाहन शोधत होतो. बंद गाळ्यांच्या ओळीसमोर दगडावर अप्पा बसले होते. फार वाळले होते. छत्री धरायला दोन हात लागत होते. मला त्यांनी ओळखलं. माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहून. हातात पत्रकांचा गठ्ठा होता.

"त्या गयाकडं जातोस का?" त्यांनी विचारलं.

"जातो."

"तिला म्हनावं, कनेरगाव नाक्याला एक जागा हाय. चांगली वाटून राहिली. पन तिच्याबिगर कळत न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "पत्रे तिचेच राहू दे म्हनावं."

"आणि कचेरीतला अर्ज?"

"तो राहील की," अप्पा म्हणाले. "त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

समोरून एक बाई रिकामी पिशवी घेऊन चालली होती. अप्पांची मान तिच्यामागे वळत गेली, ती वळणाआड होईपर्यंत. मग त्यांनी खिशात हात घातला. फुटाणा काढून तसाच बोटांत धरून ठेवला. दातच राहिले नव्हते.

त्या पावसाळ्यात अप्पा वारले. अर्ज त्यांच्या मुलाने पुढे चालवला आहे. निकाल लागलेला नाही, आणि गयाबाई रोज सकाळी त्या कोपऱ्यावर चूल पेटवते.

म्हणून वाचणाऱ्यांना विनंती आहे. अप्पा चांगले होते की वाईट, यावर माझ्याशी वाद घालू नका. औंढ्याच्या रस्त्याला ते गाळे उठण्याआधी तुम्ही कधी वाहनाची वाट पाहत थांबला असाल, बैल सोडले असतील, पावसात अडकला असाल, आणि त्या पत्र्याखाली बसून गयाबाईच्या कपात चहा प्यायला असाल, तर कामाच्या कुठल्याही दिवशी हिंगोलीच्या कचेरीत या. वकील लागत नाही. तुमचं नाव सांगा, गाव सांगा, आणि मोठ्याने सांगा की भिंती नव्हत्या तेव्हा मी तिच्या हातचा चहा प्यायलो.